सोनवणे सरांची अनियमित क्रियापदं

सोनवणे सरांच्या दाराची कडी वाजवली की आतून "कोण?" असा प्रश्न येत नसे. "आंदारे!" असा खणखणीत आवाज येई, आणि मला बाहेर उभं राहून 'जाणे' या इटालियन क्रियापदाची सहा रूपं म्हणून दाखवावी लागत. वादो, वाई, वा, आंदियामो, आंदाते, वान्नो. एक जरी चुकलं तरी दार उघडत नसे. अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून सात-आठ मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ते राहायचे. सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच गॅलरी होती. तिथं शेजारच्या वहिनी तांदूळ निवडत बसलेल्या असत. ती रूपं ऐकून ऐकून त्यांनाही पाठ झाली होती. मी अडखळले की त्या मान वर न करता हळूच म्हणायच्या, "आंदाते म्हण गं, आंदाते."

ही दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते. राहायला बदलापूरला आणि नोकरी उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये, हरेश शेठच्या गाळ्यात. फरसाण-वेफर्सच्या पिशव्या भरून देण्याचा त्यांचा धंदा होता. इटलीहून एक जुनी पॅकिंग मशीन आणायचं शेठनी मनावर घेतलं होतं आणि तिकडच्या लोकांचं इंग्रजी काही आम्हाला समजेना. एक दिवस शेठ म्हणाले, "मीनल बेटा, तू उनकी भाषा सीख ले. मशीन देखने जाएंगे तो तेरे को साथ ले चलूंगा. मेरी मिसेस भी आएगी, घर में बोल देना." घरी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. इटलीला जायचंय म्हटल्यावर आई निदान वर्षभर गप्प बसणार होती. मला भाषेची ओढ वगैरे काही नव्हती. मला ते वर्ष हवं होतं.

आमच्या गाळ्यातल्या मेकॅनिकनं सरांचा पत्ता दिला. सर म्हणजे कुठल्या कॉलेजातले प्राध्यापक नव्हते. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते फिटर होते. तरुणपणी कारखान्यानं त्यांना मशीन शिकून यायला सहा महिने इटलीतल्या बोलोन्याजवळच्या एका गावात पाठवलं होतं. पुढे कारखाना बंद पडला, आणि सरांनी घरात इटालियनचा वर्ग काढला. साठीला टेकलेले, काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट, कानावर पेन्सिल. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "कशाला शिकायचंय?"

"बोलायला," मी म्हटलं.

"बोलायला सगळ्यांनाच पाहिजे असतं. बरोबर बोलायला पाहिजे असेल तर बस."

मी बसले. त्यांनी जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं केलं, स्टीलची फूटपट्टी घेतली आणि पाठकोऱ्या बाजूवर रकाने आखले. एकही रेघ दुसऱ्या रेघेच्या पुढे गेली नाही. मग म्हणाले, "हे बघ. नियमित क्रियापद म्हणजे स्टँडर्ड नट-बोल्ट. एक साइज कळला की शंभर बसवता येतात. अनियमित म्हणजे कानस घेऊन हातानं घासून बसवलेला पार्ट. दुसऱ्या मशीनला लागत नाही. म्हणून आधी अनियमित."

आधी अनियमित, नंतरही अनियमित. सहा महिने आम्ही तेच केलं. असणे, जाणे, येणे, राहणे, धरणे, काढणे. वर्तमान झाला की भूत, भुताचे चार प्रकार, मग भविष्य. तेवढं पुरे नाही म्हणून संकेतार्थ. झाल्या नाहीत पण झाल्या असत्या अशा गोष्टींसाठी त्या भाषेत क्रियापदाचा वेगळा सांगाडाच आहे, आणि त्याची रूपं कशावरून येतात हे सांगायला कुणी बांधील नाही. 'मी राहतो' हे रिमान्गो, 'मी राहिलो' हे रिमाझी, 'मी राहीन' हे रिमार्रो. मी रडकुंडीला येऊन विचारायची, "सर, पण असं का?" सर फूटपट्टी टेबलावर आपटायचे. "का ते इटलीवाल्यांना विचार. तू रूप सांग."

माझ्याबरोबर आणखी दोघं होती. हॉटेलात काम करणारा एक मुलगा तिसऱ्या आठवड्यात यायचा बंद झाला. कॅम्प चारच्या एक सिस्टर होत्या, त्यांना परदेशात नर्सचं काम मिळवायचं होतं. त्या एक दिवस काकुळतीला येऊन म्हणाल्या, "सर, पेशंटला 'दुखतंय का' कसं विचारायचं, तेवढं तरी सांगा."

"दुखणे? दोलेरे," सर खुशीत येऊन म्हणाले. "अनियमित आहे. वही काढा. आधी सगळी रूपं करू."

सिस्टरनी वही पर्समध्ये घातली आणि उठल्या त्या परत आल्या नाहीत. सरांना त्यांच्या जाण्याचं वाईट वाटलं, पण कारण कळलं नाही. "दोन पानांची रूपं होती फक्त," ते मला म्हणाले. त्यानंतर वर्गात मी एकटीच उरले. सरांची पत्नी, कमलकाकू, दर रविवारी माझ्यासमोर पोह्यांची बशी ठेवायच्या आणि नवऱ्याकडे बघून म्हणायच्या, "हिला तरी टिकू द्या."

मग तो इटालियन आला. मशीन विकणाऱ्यांचा माणूस, मार्को नावाचा, मुंबईत कामासाठी आला होता तो अर्धा दिवस आमच्या गाळ्यावर आला. शेठनी नवा शर्ट घातला होता. मला त्यांनी अभिमानानं पुढे केलं. मार्कोनं हात मिळवला, थोडा वेळ मशीनबद्दल त्याच्या इंग्रजीत बोलला, आणि मग जरा अवघडून मला इटालियनमध्ये काहीतरी विचारलं. 'कुठे आहे' एवढं मला कळलं. 'आहे' हे तर माझं पाठच होतं, कुठल्याही काळात. पण काय कुठे आहे? बान्यो. बान्यो म्हणजे काय? त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा बान्यो. शेवटी त्यानं हातानं खूण केली आणि आमचा मेकॅनिक त्याला मागच्या बाजूला घेऊन गेला.

शेठ शांतपणे म्हणाले, "छह महिना. और संडास भी नहीं आता?"

सगळा गाळा हसला. मी तशीच रिक्षा करून अंबरनाथला गेले. त्या दिवशी आतून "आंदारे!" आलं तेव्हा मी रूपं म्हटली नाहीत. दार बडवलं. सरांनी उघडलं आणि माझा चेहरा बघून बाजूला झाले.

"सहा महिन्यांत तुम्ही मला एक नाम शिकवलं नाही," मी म्हटलं. "तो माणूस संडास विचारत होता आणि मी बुजगावण्यासारखी उभी!"

"बान्यो," सर म्हणाले. "लिहून घे. झालं? नाम डिक्शनरीत मिळतं, मीनल. रूप मिळत नाही. तू 'तोल्गा' शोधून दाखव डिक्शनरीत. नाही मिळणार. पाठच असावं लागतं."

"मला नकोय तुमचं तोल्गा! तुम्ही शिकवत नाही सर, तुम्ही शिक्षा करता. कसली ते तुम्हालाच माहीत."

हे मी रागात बोलले, त्यात काही अर्थ भरलेला नव्हता. पण सर मटकन खुर्चीवर बसले. काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या, आणि मला वाटलं आता मला घालवून देणार. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "सांगून टाका तिला. किती दिवस पोरांना पळवून लावणार आहात?"

सरांनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली आणि सांगितलं. त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"इटलीहून मी आलो त्याच्या पुढच्या वर्षी मशीन आली. बसवायला तिकडचा एक म्हातारा इंजिनिअर आला होता. फार सभ्य माणूस. आमच्या कारखान्यात साहेब लोक आम्हाला 'ए' म्हणून हाक मारायचे. हा झाडूवाल्यालासुद्धा अहो-जाहो करायचा. मी दुभाषी. माझा दोस्त म्हात्रे रोलरपाशी, प्लास्टिकच्या फिल्मचं टोक हातात धरून. इंजिनिअर पॅनेलच्या मागे, त्याला म्हात्रेचा हात दिसत नव्हता. तो ओरडून म्हणाला, 'तोल्गा ला मानो.' म्हणजे हात काढा. मला ऐकू आलं 'तेंगा.' तेंगा म्हणजे धरा. मी म्हात्रेला ओरडून सांगितलं, धरून ठेव. आणि इंजिनिअरनं बटन दाबलं."

त्यांनी टेबलावरची फूटपट्टी सरळ केली.

"अरे-तुरे केलं असतं ना, तर 'काढ'ला तोल्यी आणि 'धर'ला तिएनी. बहिरासुद्धा चुकणार नाही. पण त्यानं मान दिला. मान दिला की रूप बदलतं, आज्ञार्थात संकेतार्थाचं रूप येतं. तोल्गा, तेंगा. ते मला तिकडे कुणी नीट शिकवलं नव्हतं, कारण तिकडे मी शिकाऊ, मला सगळे अरे-तुरेच करायचे. म्हात्रेची उजव्या हाताची चार बोटं गेली. माझ्या एका क्रियापदापायी."

पुढच्या रविवारी मी परत गेले आणि रूपं म्हणायला लागले. चिडचिड कमी झाली नाही, हे कबूल करते. उलट आता ती बोलूनही दाखवता येत नव्हती, म्हणून जास्तच झाली. एवढं मात्र मी मिळवलं की दर वर्गात दहा नामं मी स्वतः लिहून न्यायची आणि सर उच्चार तपासून द्यायचे. ते काम ते नाइलाजानं करायचे.

इटलीला जाणं काही झालं नाही. शेठनी मशीन फोटोवरूनच ठरवली. आईनं स्थळांची वही पुन्हा बाहेर काढली. मशीन आली तेव्हा बसवायला मार्को नव्हता, जुसेप्पे नावाचा एक वयस्क तंत्रज्ञ होता आणि इंग्रजीच्या नावानं त्याला शून्य येत होतं. तीन दिवस मी त्याच्या शेजारी उभी होते. बऱ्यापैकी जमत होतं. शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "हमारी लडकी है, इटालियन बोलती है."

तिसऱ्या दिवशी मशीन पहिल्यांदा चालू झाली. आवाज एवढा की शेजारी बोललेलं कळेना. आमचा ऑपरेटर सलीमभाई खटक्यावर हात ठेवून उभा, आणि जुसेप्पे मशीनखाली वाकलेला. तो खालून ओरडला. स्पेंगा की स्पिंगा? स्पेंगा म्हणजे बंद करा. स्पिंगा म्हणजे ढकला. दोन्ही रूपं मला पाठ होती. सरांनी दोन्ही घोटून घेतली होती, मान देण्याच्या रूपासकट. सलीमभाई माझ्या तोंडाकडे बघत होते, शेठ बघत होते, सगळा गाळा बघत होता. आणि मला ऐकूच आलं नव्हतं.

"थांबा!" मी ओरडले. "मला कळलं नाही! कुणी हात लावू नका!"

सलीमभाईंनी हात वर केले. मी खाली बसून मशीनखाली डोकं घातलं आणि जुसेप्पेला म्हटलं, मला समजलं नाही, पुन्हा सांगा. त्यानं सांगितलं आणि खूणही केली. बंद करा. सलीमभाईंनी मशीन बंद केली. कुणाला काही झालं नाही. शेठ तेवढे पुटपुटले, "समझा नहीं तो चिल्लाने का क्या है?"

संध्याकाळी मी सरांना हे सगळं सांगितलं. वाटलं होतं, खूश होतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "स्पेन्येरेची, 'बंद करणे'ची, रूपं येत होती ना?"

"दोन्हीची येत होती, सर. काही उपयोग झाला नाही. आवाजात ऐकूच आलं नाही. मी फक्त म्हटलं, कळलं नाही."

काकूंनी चहा ठेवला तो निवून गेला. मग सर म्हणाले, "तुला म्हणता आलं."

"त्यात काय, सर? कुणीही म्हटलं असतं."

"कुणीही नाही." त्यांचा आवाज चढला. "इटलीला पाठवायला सात जणांची नावं होती. माझं आल्यावर कारखान्यात काय काय बोलले लोक, तुला नाही माहीत. आमच्या समाजातला एक जण साहेबांबरोबर विमानात बसतो म्हणजे काय! म्हणायचे, ह्याला काय भाषा येणार, आपली तरी नीट येते का? त्या दिवशी ते सगळे मशीनभोवती उभे होते. आणि त्यांच्यासमोर मी म्हणू, मला कळलं नाही? मला कळलंच पाहिजे होतं. मला सगळंच कळायला पाहिजे होतं, मीनल."

त्यानंतर त्यांनी वही उघडली आणि नेहमीसारखे रकाने आखायला लागले. मला त्यांचा राग आला आणि माझाही आला. वीस-बावीस वर्षं हा माणूस एका चुकीवर औषध म्हणून क्रियापदं घोटत होता, आणि मी एका संध्याकाळी येऊन सांगितलं होतं की हे औषध त्या दुखण्याचं नाही.

पुढच्या रविवारी वर्ग झाला नाही. सर म्हणाले, "चल, जांभूळ गावाला जाऊ. म्हात्रेला भेट." रिक्षानं गेलो. म्हात्रेकाका घरामागच्या वाडीत भेंडी तोडत होते. डावा हात चालत होता आणि उजव्या तळव्यानं टोपली काखेत दाबून धरली होती. मोठा देह, मोठा आवाज. सरांना बघून ओरडले, "आला बग! म्हयना सरला का ह्यो आलाच!"

दर महिन्याला सर तिथं जात होते, हे मला तेव्हा कळलं. ओटीवर बसल्यावर सरांनी माझ्या गाळ्यातली सगळी हकीकत म्हात्रेकाकांना सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "हिनं मशीन थांबवली. मी पण थांबवायला पाहिजे होती."

म्हात्रेकाकांनी कपाळावर हात मारला. "पोरी, तूच सांग ह्याला. मी सांगून सांगून दमलू. आगो, मी त्या दिवशी ह्याचा बोलना आयकलाच नाय! शेजारची मशीन चालू व्हती. फिल्म वाकरी गेली व्हती, ती मी खेचत व्हतू. ह्यो 'काढ' बोलला असता तरी माझा हात आतच असता."

"खोटं बोलतोस," सर म्हणाले.

"कनाला खोटा बोलू? बोटा माझी गेली का तुझी?"

"मला बरं वाटावं म्हणून बोलतोस. तू मान हलवली होतीस. मी 'धर' म्हटल्यावर तू मान हलवलीस, मी बघितलं."

"माशी बसली आसंल मानेवर!"

दोघेही उठून उभे राहिले. दोन म्हातारी माणसं ओटीवर हमरीतुमरीवर आलेली, एक म्हणतोय चूक माझी, दुसरा म्हणतोय तुझी नाही. म्हात्रेकाकांची सून आतून डोकावली, "नेहमीचंच आहे," असं मला म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं सगळे जेवलो. भाकरी, भेंडी आणि सुकं बोंबील. जेवताना दोघांनी एकमेकांशी एक शब्दही काढला नाही, पण म्हात्रेकाका सरांच्या ताटात वाढत मात्र होते.

परतताना रिक्षात मी म्हटलं, "सर, काका खरंच बोलत असतील. एकदा मानून तर बघा."

"मानलं असतं," सर म्हणाले, "मी ती मान हललेली बघितली नसती तर." आणि सवयीनं त्यांनी त्या वाक्याचं इटालियन केलं, दोन्ही क्रियापदं संकेतार्थात, अगदी बिनचूक. मी खिडकी नसलेल्या रिक्षातून बाहेर बघत राहिले. मला ओरडावंसं वाटत होतं.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी डोंबिवलीला गेले. शेठची नोकरी चालू ठेवली, रविवारचा वर्ग सुटला. कधी फोन केला की सर म्हणायचे, "राहिलेली रूपं करायला ये." मी येते म्हणायची. एका सकाळी काकूंचा फोन आला. सर दुकानातून दूध घेऊन जिना चढत होते, पहिल्या मजल्यावर बसले, आणि शेजारच्या वहिनी पाणी घेऊन येईपर्यंत गेले.

सरांसाठी ठेवलेल्या बुद्धवंदनेच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. कारखान्यातले जुने लोक आले होते. टेबलावर सरांच्या वह्यांचा गठ्ठा होता आणि काकू प्रत्येकाला विचारत होत्या, "ह्या कुणाच्या उपयोगाच्या आहेत का हो?" लोक पहिलं पान उघडून बघायचे, रकाने बघून हळूच मिटायचे. शेवटी त्या मी घेतल्या. अजून माझ्याकडे आहेत. कुणाच्या उपयोगाच्या नाहीत.

म्हात्रेकाका गॅलरीत एकटेच उभे होते. एवढा मोठा माणूस, पण गर्दीत कुठे उभं राहावं हे कळत नसल्यासारखा. मी त्यांच्याजवळ गेले. इतके दिवस मनात होतं ते विचारून टाकलं. आता विचारलं तर सरांना कळणार नव्हतं.

"काका, आता तरी खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही सरांचं ऐकलं होतं की नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं चिडतील. मग ते खाली रस्त्याकडे बघत म्हणाले, "पयल्यांदा आयकला व्हता का नाय, ता आता मनाच ठावं नाय गो. ईस वरसं दर म्हयन्याला त्याला सांगतंय, नाय आयकला, नाय आयकला. सांगून सांगून आता माझ्या डोक्यात तेवढाच रायलाय."

ते पुन्हा म्हणाले, "एकदा 'बरा, तुझा खरा' बोलला असता तो, तर काय गेला असता त्याचा?"

आणि एवढं बोलून त्यांनी तो बोटं नसलेला हात डोळ्यांवर धरला.